शेऱ्याचा रकाना

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बॅटरीत पाणी घालणं. इन्व्हर्टरच्या बॅटरीला अधूनमधून ते विकतचं शुद्ध पाणी लागतं. गंगव्वानं नरसाळं धरलं, मी कॅन धरला. माझा हात हलतो. तिनं नरसाळं असं धरलं होतं की माझा हात जिकडं हलेल तिकडं तिचाही हलायचा. तरी सांडलं. ती म्हणाली, "खांबावर कसं चढत होता तुम्ही, देवाला ठाऊक." मी म्हणालो, खांब हलत नसतो, नरसाळं हलतं. मग तिनं फडक्यानं पुसून घेतलं, रजिस्टर भरलं, मी कुलूप लावलं आणि आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी पहाटे चूल पेटवायला उठली आणि चुलीपाशी बसली ती बसलीच. कुंभारवाड्याहून दवाखान्याची गाडी यायच्या आत संपलं होतं.

याहून जास्त ते लिहीत नाही. अंकाच्या संपादकांनी नोकरीतला अनुभव मागितलाय, बायकोचा नाही. पण माझी अर्धी नोकरी तीच करत होती. अर्धी म्हणतो तेही लाजेखातर. म्हणून दोन्ही एकातच येणार. मी मराठी तिसरी शिकलेला माणूस. चुका त्यांनी काढाव्यात, पैजेवर सांगतो थकतील.

जन्मभर मी लाईनमनच्या हाताखाली खांबावर चढलो. गुडघे गेले तसा घरी बसलो. आणि मग म्हातारपणी मला कॉम्प्युटरची नोकरी लागली. हसू नका, खरं आहे. बेंगळूरच्या एका कंपनीनं गावोगावच्या कचेऱ्यांत ठेवायचं एक मशीन बनवलं होतं. शंभर गावांना द्यायच्या आधी एका गावात ठेवून त्याची परीक्षा घ्यायची होती. आणि गाव कसं, तर जिथं वीज जाते, नेट जातं, पाऊस भिंतीतून आत येतो, असं. सगळा जोयडा तालुका फिरून त्यांनी आमची वाडी निवडली. सगळ्यात वाईट म्हणून निवडली हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्ही हार घातले, नारळ फोडला, पोरींनी स्वागतगीत म्हटलं.

त्या मशीनला टेस्ट सर्वर म्हणतात. कॉम्प्युटरच, पण त्याला पडदा नाही. ट्रंकेएवढी लोखंडी पेटी, आत पंखा, पुढं एक हिरवा दिवा. दिवा लुकलुकत असला की समजायचं, चाललंय. दिवा लागलाय पण लुकलुकत नाही, तर हँग झालं. हँग म्हणजे मेलं नाही. वीज आहे, पंखा फिरतोय, पेटीला हात लावला तर ऊब आहे, पण काही विचारलं तर उत्तर नाही. रुसलेल्या जावयासारखं. मग बटण दाबून दहा आकडे मोजायचे, की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. आणि सुरू झाल्यावर त्याला विचारा का थांबला होतास, तर त्यालाही माहीत नसतं.

माझं काम सोपं. दर अर्ध्या तासानं दिवा बघायचा. थांबला असेल तर वेळ लिहायची, बटण दाबायचं, चालू झाल्याची वेळ लिहायची. संध्याकाळी पाचला कंपनीत फोन करून दिवसाचे आकडे वाचून दाखवायचे. रजिस्टरात रोजचं एक पान आणि पानावर चार रकाने: तारीख, थांबल्याची वेळ, चालू केल्याची वेळ आणि शेरा. शेऱ्यात त्या वेळी आसपास जे काही घडलं असेल ते लिहायचं. आणि हे सगळं कन्नडात.

नेमणूक करायला आलेल्या साहेबानं विचारलं, कन्नड येतं का? मी म्हणालो, हौदु, म्हणजे हो. खोटं नव्हतं. त्या साहेबापेक्षा माझं कन्नड बरं होतं, तो बेंगळूरचा असून अर्धं इंग्लिश बोलायचा. फक्त मला त्यातलं एक अक्षर लिहिता-वाचता येत नव्हतं. आमच्या वेळी वाडीला शाळा होती ती मराठी. साहेबानं ते विचारलंच नाही, मग मी कशाला सांगू? गंगव्वा दाराआड उभी होती. ती हल्याळकडची, कन्नड सातवी पास. वाटेत म्हणाली, "बोलता येतंय म्हणून लिवता येत न्हाई. उद्यापास्नं मी येतो तुमच्यासंगं." त्यांच्याकडच्या बायका अशाच बोलतात, येतो, जातो.

तर पहिल्या दिवसापासून ती यायची. मशीनच्या खोलीच्या कोपऱ्यात तिनं चहापुरती शेगडी मांडली. मी बटण दाबायचो, ती लिहायची. पुढं पुढं तीच दाबायची, तीच लिहायची आणि मी देखरेख करायचो. माझी देखरेख बाकावर आडवी होऊन असायची.

मशीन आठवड्यातून दोनदा-तीनदा हँग व्हायचं. त्याला काही नेम नाही. कधी सकाळी, कधी दुपारी. पावसात व्हायचं, उन्हातही व्हायचं. कारण शोधायला कंपनीच्या सविता मॅडम यायच्या. शिवमोग्याकडच्या, वय असेल तिशीचं, मला अज्जा, म्हणजे आजोबा, म्हणायच्या. त्यांचा एक नियम होता: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि बरं झालं, तर कशानं बरं झालं ते कळत नाही. एकदा त्यांनी मेमरीची पट्टी बदलली. पंधरा दिवस वाट बघितली. हँग. मग आतला वीजपुरवठ्याचा डबा बदलला. हँग. नेटची पेटी बदलली. हँग. सारखं उघडावं लागेल म्हणून पेटीचं बाजूचं पत्र्याचं झाकण मशीन मांडलं त्याच दिवशी काढून ठेवलं होतं, ते कायमचंच.

हा नियम मला पटला, कारण लाईनचा फॉल्ट आम्ही तसाच काढायचो. लाईन मधोमध तोडायची, अलीकडं वीज आहे का बघायचं, मग उरलेली अर्धी. एकदा अणशीच्या बाजूला दुपार झाली की लाईन पडायची. तीन दिवस रानातून चाललो. शेवटी सापडलं काय, तर एका खांबावर वेल तारेला टेकली होती. वारा सुटला की लागायची. आठ दिवसांपूर्वी वेल तोडायला त्या खांबावर मलाच चढवलं होतं आणि गांधीलमाश्या बघून मी वर न चढताच तोडली म्हणून सांगितलं होतं. तीन दिवस मी सगळ्यांच्या पुढं चालत होतो, फॉल्ट कसा काढायचा ते शिकवत.

तर असा अनुभवी माणूस मी. मॅडमना म्हणालो, तुमचं सगळं बाजूला ठेवा, हा अर्थिंगचा दोष आहे. त्यांनी ऐकलं. मी खड्डा काढायला लावला, कोळसा घातला, मीठ घातलं, पाणी ओतलं. दोन दिवस मशीन नीट चाललं. दोन दिवस मी वाडीत छाती काढून फिरलो. तिसऱ्या दिवशी हँग. गंगव्वा म्हणाली, "मीठ तेवढं फुकट गेलं."

आणखी एक गंमत म्हणजे मॅडम मुक्कामाला असल्या की मशीन कधी हँग व्हायचं नाही. दोन दोन दिवस त्या समोर डोळे लावून बसायच्या आणि दिवा शहाण्यासारखा लुकलुकायचा. त्यांची गाडी वळण उतरली की दुसऱ्या दिवशी हँग. शेजारची भागीरथी म्हातारी आपला जमिनीचा कागद कुठं अडकलाय ते मशीनला विचारायला यायची. मी तिला सांगायचो, मावशी, ते स्वतःच अडकतंय.

आणि मग गंगव्वा गेली.

तेरा दिवसांची रजा घेतली होती. तेराव्यानंतर मी खोलीवर गेलो. मशीन चालू होतं. बाकावर बसलो, रजिस्टर उघडलं आणि तिथं अडलो. तारीख मला घालता येते, आकडे येतात. पण शेऱ्यात निदान "ठीक" तरी लिहायला हवं आणि ते कन्नडात कसं लिहितात मला ठाऊक नाही. फोन करून सांगायला हवं होतं की मला लिहिता येत नाही, आजवर बायको लिहीत होती. तेवढं तोंड झालं नाही. सत्तरीच्या माणसाला लाज कमी असावी, पण असते.

मी रजिस्टराचं पहिलं पान उघडलं, तिनं लिहिलेलं, आणि ते समोर ठेवून नव्या पानावर काढलं. लिहिलं म्हणत नाही, काढलं. रांगोळी काढतात तसं. तारीख आजची, बाकी सगळं तिचं. त्या पानावर मशीन दोनदा थांबलं होतं, तेही आलं. पाचला फोन करून तेच आकडे वाचले. पलीकडचा माणूस म्हणाला, थँक्यू. दुसऱ्या दिवशी दुसरं पान काढलं. रोज एक. वळणदार अक्षर होतं तिचं, हात हलू नये म्हणून मनगट टेकवून एक पान काढायला दोन तास जायचे. हात तिच्या अक्षरावरून फिरायचा, ते बरं वाटायचं. सात आठवडे मी हेच केलं. दिवा बघायचो, नाही असं नाही. पण दिवा काय म्हणतो आणि मी काय लिहितो यांचा संबंध नव्हता.

मग एक दिवस फोन न करता सविता मॅडम आल्या. तोंड सुकलेलं. बसल्या, लॅपटॉप उघडला आणि सांगायला लागल्या.

मशीन आपली एक डायरी स्वतः लिहितं. प्रत्येक मिनिटाला, मी चालू आहे, मी चालू आहे, असं. हँग झालं की डायरीत भोक पडतं. डायरी लिहिणारा प्रोग्राम मॅडमनी स्वतः बनवलेला. आता गेले सात आठवडे डायरीत एकही भोक नाही. डायरी म्हणते, मी एकदाही थांबलो नाही. रजिस्टर म्हणतं, आठवड्यातून दोनदा-तीनदा थांबलं. दोघांतलं एक खोटं. मोठ्या साहेबांनी ठरवलं, डायरी खोटी. मॅडमचा प्रोग्राम हँग लपवतो. जो दोष लपवतो तो दोषापेक्षा वाईट. सोमवारपर्यंत कारण सापडलं नाही, तर प्रोग्राम फेकायचा, मशीन उचलायचं आणि मॅडमनी दुसरीकडं काम बघायचं.

"मी म्हटलं रजिस्टर तपासू," मॅडम म्हणाल्या. "तर साहेब म्हणाले, राखणदाराला खोटं लिहून काय मिळणार आहे?"

त्यांनी आणखी एक सांगितलं. फोनवरचे आकडे त्यांनी मांडून बघितले, तर या सात आठवड्यांतल्या वेळा आणि अगदी सुरुवातीच्या सात आठवड्यांतल्या वेळा तंतोतंत त्याच. एका मिनिटाचा फरक नाही. एवढं अचूक मशीनच करू शकतं, म्हणजे आपल्याच प्रोग्रामात कुठंतरी चक्र अडकलंय. चार रात्री त्यांनी ते चक्र शोधलं होतं. आज अकरा वीसला मशीन थांबायची पाळी होती, म्हणून त्या पहाटेची गाडी धरून आल्या होत्या. डोळ्यांनी बघायला.

अकरा वीस झाले. दिवा लुकलुकत होता. अकरा पंचवीस झाले. मॅडमनी डोळ्यांवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाल्या, "मलाच काही येत नसेल, अज्जा."

चांगल्या कामाच्या पोरीला असं बोलताना ऐकणं आणि वर गप्प बसणं, एवढा मी खालचा नाही. पण आणखी पाच मिनिटं गप्प बसलो हे खरं आहे.

मग म्हणालो, "मॅडम, मशीन खोटं बोलत न्हाई. मी बोलतोय."

सगळं सांगितलं. हौदुपासून. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त रजिस्टर ओढून घेतलं आणि पहिल्यांदाच शेऱ्याचा रकाना वाचायला घेतला. आजवर तो कुणी वाचलाच नव्हता. फोनवर जायच्या त्या नुसत्या वेळा.

त्या मोठ्यानं वाचायला लागल्या. मी कन्नड ऐकून समजणारा माणूस, त्यामुळं सगळं समजलं.

"अकरा वीसला थांबलं. मंजण्णा आला होता, चहा दिला. यजमान झोपलेत, उठवलं नाही."

पुढचं पान. "चार पाचला थांबलं. मंजण्णा वायरलेसवर गवे शेतात उतरल्याचं सांगत होता. यजमान झोपेत कुणाशी तरी भांडतात."

पुढचं. "नऊ पन्नास. मंजण्णा दोन कप प्याला. यजमान म्हणाले बटण दाबलंय. दाबलं नव्हतं. मी दाबलं."

मॅडमना हसू आलं, मग त्यांनी ते आवरलं. माझ्या कानशिलांत आग. कारण हे मी नुसतं ऐकत नव्हतो. सात आठवडे रोज दोन तास खपून, माझ्याच हातानं, मी लिहीत होतो की मी झोपलोय. आणि खाली सही करत होतो.

पानं उलटता उलटता मॅडमचा हात थांबला. "अज्जा, हा मंजण्णा कोण?"

मंजण्णा म्हणजे मंजुनाथ, आमच्या बाजूचा जंगलखात्याचा वॉचर, रानाचा राखणदार. गस्तीवर फिरतो, कमरेला वायरलेसचा संच असतो. ही खोली टेकाडावर, म्हणून इथं त्याला रेंज मिळते. खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर बसायचा, गंगव्वाकडून चहा घ्यायचा, चहा पिता पिता वायरलेसवर बोलायचा. खिडकीला लागूनच मशीन, मध्ये हातभर अंतर. मॅडमची गाडी दिसली की तो यायचा नाही, कारण गस्त सोडून चहा पितो हे कुणा बाहेरच्यानं बघू नये. आणि गंगव्वा गेल्यावर तो आलाच नव्हता.

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "त्याला बोलवा."

मंजुनाथ आला तो घाबरतच. मॅडमनी त्याला कट्ट्यावर बसवलं आणि वायरलेसवर बोलायला सांगितलं. त्यानं विचारलं, काय बोलू? काहीही बोला. त्यानं बटण दाबून आपल्या कंट्रोल रूमला सांगितलं की सगळं ठीक आहे.

दिवा थांबला.

मॅडमनी मशीन पुन्हा चालू केलं, पुन्हा बोलायला लावलं. पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा पेटीला काढून ठेवलेलं पत्र्याचं झाकण लावलं, स्क्रू आवळले, बाकी काही बदललं नाही. मंजुनाथ बोलला. दिवा लुकलुकत राहिला. वायरलेस बोलताना जी लाट सोडतो ती उघड्या पेटीत शिरत होती. कारण शोधायला उघडी ठेवलेली पेटी. मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला, तेव्हा मला जरा बरं वाटलं, की या खोलीत मी एकटाच नाही.

"दोन महिने आला न्हाईस रे," मी मंजुनाथला म्हणालो.

"अक्का न्हाईत," तो म्हणाला. "कुणाकडं येऊ? तुम्ही तर झोपलेला असताय."

मॅडमना आता अहवाल लिहायचा होता. त्या म्हणाल्या, "नोंदीत चूक झाली एवढंच लिहिते, अज्जा. तुमचं नाव घेत नाही." पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. चूक कसली, किती दिवसांची, कुणाची, हे आलं नाही तर मोठे साहेब पुन्हा डायरीवरच येणार. मी म्हणालो, सरळ लिहा. खोटी पानं मी काढली, लिहिणारी गंगव्वा होती, तिनं लिहिलेलं सगळं खरं आहे. त्या म्हणाल्या, काढून टाकतील तुम्हाला. मी म्हणालो, टाकू देत, झोपायला घरी जागा आहे.

मग सह्यांचा प्रश्न आला. खोट्या प्रत्येक पानावर काट मारून मी सही करायची, म्हणजे अहवालाला जोडता येईल. पण तारखा मी रांगेनं घातल्या नव्हत्या. सुरुवातीला तिच्या पानांच्या मध्ये काही पानं कोरी राहिली होती तिथंही मी काढलं होतं आणि कित्येकदा तारीखही तिचीच उतरली होती. मॅडमनी दोन पानं शेजारी शेजारी धरली, चष्मा वर केला, खाली केला.

"यातलं तुमचं कुठलं आणि अज्जींचं कुठलं?" त्या म्हणाल्या. "मला तर एकच हात वाटतोय."

मी म्हणालो, उद्या सकाळी सांगतो.

पुढचं थोडक्यात सांगतो. मशीन पास झालं, झाकणासकट. शंभर गावांना गेलं. मॅडमची नोकरी राहिली, डायरीचा प्रोग्रामही राहिला. मला काढलं नाही, परीक्षा संपली तशी नोकरी आपोआप संपली. साहेबांचा फोन आला होता, ते बरंच बोलले, मी हौदु हौदु म्हणालो. हे सगळं नंतरचं.

मला त्या दुसऱ्या दिवशीचं सांगायचंय. सकाळी लवकर जाऊन खोली उघडली. रजिस्टर मांडीवर घेतलं आणि एकेक पान उलटून त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. तिचा हात हलका, पान मागून गुळगुळीत. मी पेन धरतो ते खिळा ठोकल्यासारखं, अक्षर मागून बोटाला लागतं. डोळ्यांना फरक नव्हता, बोटाला होता. जे पान खरखरीत लागलं त्यावर काट मारली, खाली मराठीत सही केली. गुळगुळीत पानांना हात लावला नाही. पन्नासच्या आसपास पानं झाली.

मग नवं पान काढलं. तारीख घातली. दिवा बघितला, लुकलुकत होता. थांबल्याच्या रकान्यात रेघ मारली. शेऱ्यापाशी आलो. मराठीत लिहायचं ठरवलं होतं, कुणाला चालो न चालो. मंजुनाथ खिडकीबाहेर येऊन कट्ट्यावर बसला होता, वायरलेस बंद करून. पेन ठेवून आधी शेगडी पेटवली. मग जे घडलं होतं तेच लिहिलं.

मशीन ठीक. मंजुनाथ आला. चहा मी केला. साखर जास्त पडली, तो काही बोलला नाही.